त्या लाल टेस्टबद्दल

प्रिय ताई,

गुरुवारी फोनवर आभार मानायला गेलो आणि शब्दच फुटेनात. म्हणून हे पत्र.

आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासदांच्या यादीत नावं शोधायला मी तो पायथॉन रॅपर घेतला होता, म्हणजे पीसीआरई२ ही मजकूर शोधणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) पायथॉन भाषेतून वापरू देणारं वरचं आवरण. 'सौ. मीनाक्षी' मध्ये 'मीनाक्षी' शोधलं की हाती यायचं नुसतं 'क्षी'. मीनाक्षी माझी आई. तीन महिने मी ही चूक सांगत होतो. कुणी म्हणालं फॉन्ट तपासा, कुणी म्हणालं इंग्रजीत टाकून बघा, आणि बाकीच्यांनी कोड तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, असल्याचं दाखवून मला गप्प केलं. हिरव्या असणारच! त्या सगळ्या इंग्रजीत होत्या. तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट (संगणकातलं साठवणीचं छोटं माप), त्यामुळे चूक दिसायला जागाच नव्हती.

तुम्ही एवढंच विचारलंत, "नेमकी ओळ कोणती?" आणि माझ्या आईचं नाव जसंच्या तसं टेस्टमध्ये घातलंत. दुरुस्तीला हात लावण्याआधी ती जुन्या कोडवर चालवलीत. नाव सुरू होण्याची जागा अपेक्षित ४, आली ८. स्क्रीन लाल झाली आणि तुम्ही म्हणालात, "बघा, तुमचं म्हणणं बरोबर होतं."

ताई, तेव्हा माझे डोळे भरून आले होते, फोनवर तुम्हाला दिसले नाहीत. पीसीआरई२ची ती ८-बिट लायब्ररी जागा बाइटमध्ये मोजते, तिच्या माहितीपत्रात ते स्पष्ट लिहिलंय. रॅपर तोच आकडा चिन्हांचा म्हणून पुढे ढकलत होता, आणि पायथॉन काना-मात्राही वेगळं चिन्ह धरतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 'स' तीन बाइट, त्याचा काना-मात्राही तीन. टिंब आणि मोकळी जागा एकेक. म्हणजे चिन्हं चार, पण बाइट आठ. एवढंसं कारण. पण ते शोधायला आधी समोरचा खरं बोलतोय असं धरून चालावं लागतं, आणि ती माणुसकी मला फार कमी ठिकाणी भेटली. तुम्ही तर मला ओळखतही नव्हता.

रिकामी जुळणी (जिच्यात एकही अक्षर नसतं) झाल्यावर एकच बाइट पुढे सरकून अक्षराच्या मधोमध पडायची दुसरी चूकही तुम्हीच पकडलीत. आता कोडला कुणीही हात लावला की दोन्ही टेस्ट आपोआप चालतात. काल आईला ती ओळ दाखवली. तिने चष्मा लावून आपलं नाव दोनदा वाचलं आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले. पत्ता कळवा.

तुमचा,
मीनाक्षीबाईंचा मुलगा