न्यूट्रॉन हळूच बरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अणुभट्टीवरचा लेख मी दोनदा वाचला, एकदा आवडला म्हणून आणि दुसऱ्यांदा खटकला म्हणून. लेखकाने लिहिलंय की न्यूट्रॉन जितक्या जोरात येऊन केंद्रकावर आपटेल तितकं ते फुटायची शक्यता जास्त, आणि शेजारी चित्रही तसलंच, सुसाट आलेली गोळी आणि तडकलेला गोळा. हे चक्क उलटं आहे हो. युरेनियम २३५ ला हळू न्यूट्रॉन जास्त सहज फोडतो. विखंडनातून, म्हणजे केंद्रक फुटताना, न्यूट्रॉन बाहेर पडतो तेव्हा त्याची ऊर्जा साधारण २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, त्या वेगात त्याचा विखंडनाचा क्रॉस सेक्शन, म्हणजे विखंडन घडायच्या शक्यतेचं माप, जेमतेम एक-सव्वा बार्न (बार्न हे त्याचं एकक), आणि तोच न्यूट्रॉन आपटत आपटत ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आला, म्हणजे सेकंदाला २२०० मीटर वेगावर, की तोच आकडा ५८० बार्नच्या आसपास जातो. बहुतेक भट्ट्यांमध्ये पाणी किंवा ग्राफाइट भरतात ते मग कशाला, न्यूट्रॉनला दमवायलाच ना!

बार्न म्हणजे काय हे लेखात कुठेच नव्हतं म्हणून सांगतो. इंग्रजीत बार्न म्हणजे धान्याचं कोठार. १९४२ साली पर्ड्यू विद्यापीठातल्या दोघा फिजिक्सवाल्यांनी हे नाव थट्टेत ठेवलं, की केंद्रकाच्या जगात एवढं क्षेत्रफळ म्हणजे कोठारच, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. एक बार्न म्हणजे १०० चौरस फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग), मध्यम आकाराच्या केंद्रकाचा आडवा छेद घेतला तर जवळपास तेवढाच भरतो. म्हणून लोकांना वाटतं क्रॉस सेक्शन म्हणजे केंद्रकाचा आकार, नेम लागला तर लागला नाहीतर नाही. तसं नाहीये. तो आकडा म्हणजे अमुक ऊर्जेच्या कणासाठी अमुक एक घटना घडायची शक्यता किती, आणि ती सांगायला क्षेत्रफळाचं माप सोयीचं पडलं इतकंच.

झेनॉन १३५ चं बघा ना. त्याचं केंद्रक मोजायला गेलं तर छेद एक-सव्वा बार्नचाच, पण हळू न्यूट्रॉन गिळायचा त्याचा क्रॉस सेक्शन २६ लाख बार्न आहे! ही गोष्ट कळली तीही काय थाटात कळली. सप्टेंबर १९४४, अमेरिकेत हॅनफर्डला मोठी बी रिअॅक्टर सुरू केली, पॉवर चढली, सगळे खूश, आणि काही तासांत ती कुणी हात न लावता आपोआप उतरायला लागली आणि शेवटी बंदच पडली, मग आणखी काही तासांनी परत आपली आपण चालू व्हायला तयार. व्हीलर आणि फर्मी वगैरे भौतिकशास्त्रज्ञ मंडळींनी हिशोब लावला की विखंडनातून आयोडीन १३५ तयार होतं, त्याचं झेनॉन होतं, ते न्यूट्रॉन खाऊन टाकतं आणि नऊएक तासांच्या अर्धायुष्याने निम्मं निम्मं होत जातं, की भट्टी मोकळी. नशीब म्हणजे बांधणाऱ्या इंजिनिअरांनी युरेनियम भरायला गरज १५०० नळ्यांची असताना २००४ नळ्यांची जागा ठेवली होती (तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना ती उधळपट्टी वाटलेली), तिथे जादा युरेनियम भरलं आणि काम भागलं. फक्त आकार बघत बसला असता तर हे कोडं कुणाला सुटलंच नसतं. हळू न्यूट्रॉनची तरंगलांबी ०.१८ नॅनोमीटर, म्हणजे त्या केंद्रकाच्या व्यासाच्या पंधरा हजार पट वगैरे, असा पसरलेला न्यूट्रॉन नेम धरून आपटतो म्हणायला काही अर्थ उरत नाही, आणि त्यात त्याची ऊर्जा केंद्रकाच्या एखाद्या पातळीशी जुळली की तो आत ओढलाच जातो.

टक्कर या शब्दावर माझा राग जुना आहे. रदरफोर्डचा सोन्याच्या वर्खाचा प्रयोग प्रत्येक जण सांगतो, तुमच्या लेखातही आहे, १९०९ साली गायगर आणि वीस वर्षांचा मार्सडेन, साधारण आठ हजारात एखादा आल्फा कण मागे फिरला, आणि लगेच पुढचं वाक्य "केंद्रकावर आदळून". अहो आदळला कुठे? ७.७ एमईव्हीचा (म्हणजे ७७ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा) आल्फा सोन्याच्या केंद्रकाच्या समोरासमोर गेला तरी विद्युत प्रतिकर्षणामुळे ३० फेम्टोमीटरवरूनच माघारी वळतो, आणि सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या सातेक फेम्टोमीटर. न शिवताच परत आला म्हणून तर १९११ मध्ये रदरफोर्डचं नुसत्या कूलोम बलावर, म्हणजे या विद्युत प्रतिकर्षणावर, मांडलेलं सूत्र इतकं चपखल बसलं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर एका जागी टक्कर शब्द चालतो, न्यूट्रॉन हळू करताना. तिथे शाळेतलं गोट्यांचंच गणित आहे, बरोबरीच्या वजनाशी धडक झाली की ऊर्जा जास्त जाते, म्हणून हायड्रोजनशी सरासरी १८ धडकांत जे होतं त्याला कार्बनशी ११५ च्या आसपास लागतात. फर्मीने १९३४ मध्ये न्यूट्रॉनच्या वाटेत शिशाच्या जागी पॅराफिन (हायड्रोजन भरपूर असलेलं मेण) ठेवून बघितलं आणि चांदीची किरणोत्सारिता एकदम वाढली, तेही यामुळेच.

शेवटचं एक, छोटं आहे पण घोळ मोठा करतं. लेखात एका परिच्छेदात विकिरण म्हणजे स्कॅटरिंग, आकाश निळं दिसतं ते, आणि खाली दोन परिच्छेदांनंतर विकिरण म्हणजे रेडिएशन. मराठी शाळेच्या पुस्तकात विकिरण म्हणजे स्कॅटरिंग, हिंदीत मात्र विकिरण म्हणजे रेडिएशन, आणि तिकडून मजकूर उचलला की ही खिचडी होते. रेडिएशनला प्रारण लिहा नाहीतर सरळ रेडिएशन लिहा, पण एका लेखात एकच ठेवा.

चित्र परत छापायची गरज नाही, जागा महाग असते हे मला कळतं. फक्त "युरेनियम २३५ चं विखंडन हळू न्यूट्रॉनने जास्त सहज होतं, वेगवान न्यूट्रॉनने नव्हे" एवढी एक ओळ दुरुस्ती म्हणून टाका, आमच्या घरातल्या बारावीवाल्याने तो लेख कापून वहीत चिकटवलाय.

आपला नेहमीचा वाचक