ओल्या छत्रीबद्दल, ताई, तुझे आभार

ताई,

हे सगळं तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण तू "बरं बरं, पुढच्या वेळी नीट कर" म्हणून विषय मिटवला असतास. म्हणून उघड पत्र लिहितेय, चारचौघांसमोर. आता ऐकून घ्यावंच लागेल.

आमच्या थ्रिलर फिल्मच्या पटकथेचा पहिला खर्डा तुला आठवत असेल. पानं १२, त्यात एक मुखवटा, दोन खून आणि शेवटच्या पानावर "म्हणजे तो तूच होतास!" प्रेक्षकाला शेवटपर्यंत कशाचाही पत्ता लागू द्यायचा नाही, की झाला थ्रिलर, अशी आमची समजूत. चौथ्या पानावर तुझी पेन्सिल थांबली. "ती दार उघडते तेव्हा बघणाऱ्याला काय माहीत असतं?" आम्ही छाती फुगवून म्हणालो, काहीच नाही. "मग तो घाबरेल कशाला?"

टेबलाखालच्या बॉम्बचं, थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉकचं उदाहरण आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ होतं. बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, तो आधीच दाखवला तर १५ मिनिटांचा ताण. तोंडी परीक्षेत मीही ते घडाघडा म्हणून दाखवलं होतं आणि पुरे मार्क घेतले होते. फक्त आमच्या पटकथेत टेबलही नव्हतं आणि बॉम्बही नव्हता.

त्या संध्याकाळी मुखवटा गेला आणि छत्री आली. नायिका घरी यायच्या आधीच दाराशेजारच्या कोपऱ्यात एक ओली छत्री टेकवलेली आपल्याला दिसते. ती येते, आपली छत्री तिच्याच शेजारी ठेवते आणि आत जाते. तिला काही कळत नाही, आपल्याला कळतं. एवढंच. मी आधी फुरंगटले होते, हे आता कबूल करते. माझा मुखवटा मला फार आवडायचा.

मग तू शॉट लिस्ट मागितलीस. पहिल्या रात्रीसाठी ४१ शॉट. तू काही बोलली नाहीस, मागच्या कोऱ्या पानावर भागाकार मांडलास. रात्री ९ ते पहाटे ५ म्हणजे ४८० मिनिटं, भागिले ४१. एका शॉटला १२ मिनिटंही येत नव्हती. त्यातच लाइट हलवायचे, फोकस बघायचा, तालीम करायची, टेक घ्यायचे आणि कुणीतरी हरवलेलं क्लॅप शोधायचं. कुठला सीन किती लांब आहे हे कळावं म्हणून तू पटकथेचं एकेक पान आठ भागांत मोजून दाखवलंस, एका खोलीतले सगळे सीन एकत्र बांधलेस, नायिकेची धावपळ आधी आणि तिचे शांत क्लोज-अप पहाटेकडे ठेवलेस, कारण तोवर ती खरंच दमलेली असणार होती. ४१चे १९ झाले. त्या रात्री आम्ही १७ घेतले. उरलेल्या दोघांची आठवण एडिट टेबलवर एकदाही आली नाही.

सुरीवरून आपलं वाजलं होतं. खरी सुरी कॅमेऱ्यात छान चमकते, असं माझं म्हणणं. तू ती उचललीस, आपल्या बॅगेत टाकलीस आणि म्हणालीस, रबरी आणेपर्यंत हा सीन होणार नाही. रात्री रस्त्यावर तोंड झाकलेला माणूस धावणार होता, तर त्याची परवानगी आणि पोलीस ठाण्याला आधी कळवणं, इमारतीतल्या प्रत्येक दारावर चिठ्ठी, हे सगळं तू आमच्याकडून करून घेतलंस. मला तेव्हा ते कारकुनी वाटलं होतं. दुसऱ्या रात्री खिडकीतून एका काकूंनी ओरडून विचारलं, "शूटिंगच आहे ना?" आणि खिडकी लावून घेतली. चिठ्ठी नसती तर पुढचे दोन तास आम्ही कुठे असतो याचा विचार मी अजून करते.

शटरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती लाजिरवाणी आहे. स्वयंपाकघरातल्या फूटेजवर काळसर पट्टे सरकत होते आणि आम्ही कॅमेऱ्याला दोष देत होतो. शटर १/६० वर होतं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड मिळत होता. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. तू १/५० केलंस, प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन चढउतार बसले, पट्टे गेले, आणि तू चहा प्यायला गेलीस.

पण खरे आभार आवाजासाठी मानायचेत. तू आलीस तेव्हा आमच्याकडे आवाजाचं नियोजन म्हणजे "कॅमेऱ्यात येतोच की" एवढंच होतं. तू हेडफोन माझ्या कानाला लावलेस आणि ज्या खोलीला मी शांत समजत होते ती घुमायला लागली. फ्रिज. तू तो बंद केलास आणि माझ्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवून दिलीस. मला वाटलं तू झोपेत आहेस. पहाटे घरी निघताना चावी शोधली तेव्हा उलगडा झाला: चावी काढल्याशिवाय जाता येत नाही आणि चावी काढताना फ्रिज चालू करायचा राहत नाही.

प्रत्येक लोकेशन सोडण्याआधी तू सगळ्यांना १ मिनिट पुतळे करून उभं करायचीस, रूम टोनसाठी, म्हणजे कुणी बोलत नसताना त्या जागेचा जो स्वतःचा आवाज असतो तो टिपण्यासाठी. पोरं हसू दाबत उभी राहायची. शेवटच्या रात्री सगळे सामान आवरत असताना तू एकटी कोपऱ्यात बसून त्या छत्रीतून फरशीवर पडणाऱ्या थेंबांचा आवाज घेत होतीस. मी म्हटलं, ताई, हा शॉट आपल्याकडे नाहीच. "नसू दे. घेऊन ठेव."

आता कबुली. पाण्याचा फवारा मारून छत्री ओली ठेवायचं काम माझं होतं. तीन रात्रींत मी ते एकदाच विसरले, सीन ९ मध्ये. एडिटला बसल्यावर दिसलं: कोपऱ्यात ठणठणीत कोरडी छत्री, आणि रीशूटला ना दिवस उरले होते ना ती खोली. दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. मग तुझे थेंब सापडले. शॉट अंधारा केला, त्याखाली तुझा रूम टोन घातला आणि वर फक्त टप... टप... १२ सेकंद दुसरं काही नाही. पहिल्या प्रदर्शनाला मी पडद्याकडे बघतच नव्हते, लोकांकडे बघत होते. त्या १२ सेकंदांत माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलाने पाय खुर्चीवर ओढून घेतले. संपूर्ण फिल्ममध्ये कुणी खरंच घाबरलं असेल तर ते तिथे, आणि तिथे मी काढलेलं असं काही दिसतच नाही.

दिवे लागल्यावर सगळ्यांनी त्याच जागेचं कौतुक केलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकून फोन बघितला, तर मागच्या रांगेतून तुझा मेसेज आलेला.

"सीन ९. छत्री कोरडी आहे."

हो, ताई. आहे.

तुझीच,
दिग्दर्शिका (आणि छत्री विभागप्रमुख)