रिव्हॉल्व्हर निवडायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

शस्त्र जवळ बाळगण्याचा परवाना मिळाल्यावर कोणते रिव्हॉल्व्हर घ्यावे, हे विचारायला मी आपल्याकडे आले, तेव्हा आपण एकाही मॉडेलचे नाव घेतले नाही. ते खिशात ठेवणार की कमरेला, अंगावर कपडे कसले असतात आणि नियमित सराव करण्याची खरोखर तयारी आहे का, एवढेच आपण विचारले. माझी निवड अखेर या प्रश्नांच्या उत्तरांवरच झाली, म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी सर्वांसमोर लिहीत आहे.

लपवून बाळगायचे म्हणजे जितके हलके तितके चांगले, असाच सल्ला बहुतेक जण देतात. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये ‘चीफ्स स्पेशल’ बाजारात आणल्यापासून लहान फ्रेम, पाच गोळ्यांचे सिलिंडर (काडतुसे ठेवण्याचे फिरते नळकांडे), .३८ स्पेशल काडतूस आणि दोन इंचांच्या आसपासची नळी हा साचा रूढ झाला आहे. त्याच साच्यातील अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची हत्यारे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतात, तर पोलादी हत्यारे साडेपाचशेच्या पुढे जातात. दुकानात हा फरक हलक्याच्या बाजूने बोलतो. आपण मात्र मला एकाच प्रकारची काडतुसे आधी हलक्या आणि मग पोलादी रिव्हॉल्व्हरमधून झाडायला लावली. हलक्या हत्याराचा धक्का अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात असा बसत होता की पुढची गोळी झाडण्याआधीच मनगट आक्रसू लागे. मग आपण माझ्या नकळत सिलिंडरमध्ये भरलेल्या काडतुसांच्या मधोमध एखादी झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी सरकवलीत. हॅमर (काडतुसावर आपटणारा घोडा) त्या पुंगळीवर पडला, आवाज झालाच नाही, आणि तरीही नळीचे तोंड स्पष्टपणे खाली झुकलेले आम्हा दोघांनाही दिसले, म्हणजे धक्क्याच्या धास्तीने माझा हात आधीच झुकत होता. वजनावरचे माझे सगळे प्रश्न तिथेच संपले, कारण ज्या हत्याराचा सराव नकोसा वाटतो ते जवळ असूनही फारसे कामाचे नसते.

काडतुसाबाबतचा आपला सल्लाही तितकाच मोलाचा ठरला. १९३५ मध्ये आलेले .३५७ मॅग्नम हे .३८ स्पेशलपेक्षा थोडे लांब असते. त्यामुळे मॅग्नमसाठी बनवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल सुखेनैव चालते, उलट मात्र चालत नाही. अशा हत्याराची बांधणी मजबूत असते आणि त्यातून .३८ झाडले की धक्का सुसह्य होतो. आखूड नळीतून मॅग्नम झाडल्यास बरीचशी दारू नळीच्या बाहेरच जळते आणि हाती येतो तो मुख्यतः लखलखाट, कानठळ्या आणि दुखरा हात, हेही आपण एका फैरीत दाखवून दिलेत. (माझी हौस त्या एका फैरीतच फिटली.) छोटी काडतुसे झाडत राहिल्यास चेंबरच्या (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घराच्या) पुढच्या भागात काजळीचे कडे साचते आणि पुढे लांब काडतूस नीट बसत नाही, म्हणून प्रत्येक सरावानंतर तिथे ब्रश फिरवण्याची सवयही आपणच लावलीत.

हॅमरचा निर्णय सोपा होता. उघड्या हॅमरचे टोक खिशाच्या अस्तरात अडकते, झाकलेला हॅमर अडकत नाही. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक गोळीला डबल अ‍ॅक्शनचा (एकाच ओढीने हॅमर मागे नेऊन सोडणारा) लांब आणि जड ट्रिगर, तोही साधारण पाच किलोंच्या ओढीचा. त्यासाठी आपण दिलेला घरचा अभ्यास अजून चालू आहे: काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची, सिलिंडर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, डमी (दारू नसलेली) काडतुसे भरायची, पुढच्या साइटवर (नळीवरच्या नेम धरण्याच्या खुणेवर) नाणे ठेवायचे आणि ते न पाडता ट्रिगर शेवटपर्यंत ओढायचा. सुरुवातीला नाणे हमखास खाली पडत असे.

ट्रिगर पूर्ण झाकणारे होल्स्टर, त्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू न ठेवणे आणि सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूमुळे बोटे कधीही तिच्यापुढे न नेणे, या गोष्टी आपण इतक्या वेळा बजावल्या आहेत की त्यांचा येथे केवळ उल्लेख करते.

अखेर मी पोलादी, पाच गोळ्यांचे, झाकलेल्या हॅमरचे आणि मॅग्नमच्या चेंबरचे रिव्हॉल्व्हर घेतले व त्यात .३८ स्पेशलच वापरते. तीन इंची नळीचा आपला आग्रह मात्र मी मानला नाही. लांब नळीमुळे दोन साइट्समधले अंतर वाढून नेम सुधारतो आणि इजेक्टरची दांडी लांब असल्याने पुंगळ्या पूर्ण बाहेर पडतात, हे मला मान्य आहे. पण ती लांबी माझ्या खिशात मावत नाही आणि कमरेला हत्यार लावणे मला जमणारे नाही. त्यामुळे नळी सरळ आकाशाकडे करून तळहाताने दांडीवर जोरात ठोका मारण्याची आपली पद्धत मी घोटते आहे. तरीही एखादी पुंगळी मधूनच अडकते. माझा हात कुठे कमी पडतो आहे, ते पुढच्या सरावाच्या वेळी शेजारी उभे राहून पाहावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी