डच चित्रांतला शेतकरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सतराव्या शतकातील डच चित्रकलेवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचनीय होता. मात्र ही चित्रे म्हणजे तत्कालीन शेतकरी जीवनाचा आरसा होय, हे त्यातील विधान पटले नाही. ही चित्रे काढणारे शहरात राहत आणि ती विकत घेऊन घरात लावणारेही बहुतांशी शहरी, खाऊनपिऊन सुखी लोकच असत. आद्रियान ब्राउवरच्या (मृत्यू 1638) गुत्त्यांतले शेतकरी फाटक्या कपड्यांत तंबाखू ओढतात, पत्त्यांवरून एकमेकांची डोकी फोडतात. आणि रूबेन्ससारख्या राजदरबारी वावरणाऱ्या धनाढ्य चित्रकाराच्या संग्रहात या ब्राउवरची 17 चित्रे होती! त्याच काळात हॉलंड प्रांतातील अनेक शेतकरी लोणी आणि चीज शहरांच्या बाजारात विकून बऱ्यापैकी सुस्थितीत होते, पण त्यांचा हा व्यवहारीपणा या चित्रांत औषधालाही सापडत नाही.

हार्लेमच्या आद्रियान व्हान ओस्टाडेचे (1610–1685) उदाहरण याहून बोलके आहे. त्याच्या तरुणपणीच्या चित्रांत अंधाऱ्या खोपटांतला धिंगाणा दिसतो, तर 1653 च्या त्याच्या एका एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून कागदावर छापलेल्या चित्रात) शेतकरी कुटुंब जेवणाआधी शांतपणे प्रार्थना करते. अवघ्या वीस वर्षांत खेड्यातली माणसे इतकी पालटली असे मानण्यापेक्षा, ज्याला आधी गावंढळपणावर हसायचे होते त्या शहरी गिऱ्हाइकाला आता साधेपणाचे कौतुक वाटू लागले, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. चित्रकाराचे कसब दोन्हीकडे अव्वलच आहे, हे वेगळे सांगायला नको.

बेशिस्त ही केवळ खालच्या थरातल्यांची मक्तेदारी, असेही या चित्रकारांनी दाखवलेले नाही. पुढे स्वतःच लायडनमध्ये गुत्ता चालवणाऱ्या यान स्टेनने अस्ताव्यस्त घरे रंगवली, त्यांतली कित्येक चांगल्या खात्यापित्या कुटुंबांची आहेत आणि त्या गोंधळात तो अनेकदा स्वतःही हसत बसलेला आढळतो.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबत ‘शेतकरी स्त्री’ म्हणून छापलेले व्हर्मीरचे 1660 च्या सुमाराचे चित्र शहरातल्या घरी कामाला असलेल्या मोलकरणीचे आहे. दूध ओतण्यात गढलेल्या त्या बाईला हसण्याचा विषय न करता चित्रकाराने तिला सबंध चौकट बहाल केली आहे, म्हणून तिची ओळख तरी नीट छापली जावी, ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक