मूल रडलं तर तुम्ही काय करता? : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

पुण्यात कर्वेनगरला राहत्या घराच्या तळमजल्यावर मी एकोणीस वर्षं पाळणाघर चालवते. सध्या बावीस मुलं आहेत, सगळ्यात धाकटं नऊ महिन्यांचं. आम्ही चौघी आहोत. माझ्याकडे शॉप ॲक्टचा दाखला आहे. तो काढताना जागा कुणाची, नोकर किती, हे विचारलं गेलं. मूल रडलं तर तुम्ही काय करता, हे आजवर एकाही सरकारी माणसाने विचारलेलं नाही. म्हणून आपणहून सांगते.

दोन वर्षांपूर्वी एक अडीच वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. चावायचा. मुलं दंडावर दातांचे वळ घेऊन घरी गेली की रात्री माझा फोन थांबत नसे. मीही वैतागून त्याला दोनदा कोपऱ्यात बसवलं, आणि माझ्याच तोंडून "शेम शेम" निघून गेलं, हे कबूल करते. त्याच्या चावण्याचं कारण मला नाही, आमच्या मदतनीस ताईंना कळलं. दिवसभर तो बरा असायचा. पाचनंतर बेल वाजायला लागली की चावायचा. प्रत्येक बेलला दारात दुसऱ्याच कुणाची तरी आई. त्याची आई हिंजवडीहून साडेसातला पोचायची. ताईंनी त्याला काम दिलं : बेल वाजली की घरी निघालेल्या मुलाच्या चपला शोधून आणायच्या. तीनेक आठवड्यांत चावणं जवळजवळ थांबलं. एका संध्याकाळी हातात कुणाची तरी गुलाबी चप्पल धरून तो ताईंना म्हणाला, "मी हिरमुसलो." शब्द ताईंचाच, रोज त्याच्याजवळ बसून म्हटलेला.

भिंतीवर 'हॅपी, सॅड, अँग्री' अशी तोंडं चिकटवलेली पाळणाघरं आता गल्लोगल्ली आहेत. मुलं ती पोपटासारखी म्हणून दाखवतात, पालक खूश होतात. आपल्या भाषेत रुसणं वेगळं, हिरमुसणं वेगळं, धास्तावणं वेगळं, आणि हेवा तर अगदीच वेगळा. नेमका शब्द सापडला की मुलाच्या दातांचं काम कमी होतं, हा माझा अनुभव. पण तो शब्द ऐन वेळी शेजारी बसून कुणीतरी म्हणावा लागतो, आणि त्यासाठी ते माणूस मोकळं असावं लागतं.

२०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली. ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. तेव्हापासून पालक पहिल्यांदा कॅमेऱ्याचं विचारतात. मीही लावलाय. पण कॅमेऱ्यात मारलेलं दिसतं. "बागुलबुवाला देऊन टाकीन" असं सांगून गप्प केलेलं मूल त्यात छान झोपलेलं दिसतं.

२०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. चांगलं झालं. केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती'मधली 'पाळणा' योजना तर मला मनापासून आवडते, कारण ती अंगणवाडीतच दिवसभराचं पाळणाघर चालवू पाहते. पण हिशेब करून बघा. पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस. एकीने एकाला शी धुवायला नेलं की उरलेल्या चोवीस जणांना एकटी दुसरी. त्यातली तिघं रडत असतील, तर ती कुणाजवळ बसेल?

माझी शेजारीण अंगणवाडी सेविका आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राने 'नवचेतना' आराखडा आणला. त्यात मुलांशी बोलण्या-खेळण्याच्या १४० कृती आहेत, आणि तिच्या मते त्या चांगल्या आहेत. तिचा दिवस मात्र 'पोषण ट्रॅकर' या सरकारी मोबाइल ॲपवर नोंदी भरण्यात जातो. वजन, उंची, हजेरी, आता घरपोच आहारासाठी चेहऱ्याची पडताळणी. मूल आज गप्पगप्प का आहे, याला रकाना नाही. (कृपया तसा रकाना काढूही नका. तोही तिलाच भरावा लागेल.)

अंगणवाडी ही कल्पना तर आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत काम केलं, आणि मुलांनी बालवाडीत यायची वाट न बघता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मूल जिथे निर्धास्त असतं, तिथून सुरुवात. आज बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी दारात मूल हातातून ओढून घेतात आणि आईला सांगतात, "मागे वळून बघू नका." मीही पूर्वी सांगायचे. आता पहिला आठवडा आईला किंवा आजीला सोबत बसवते, रोज थोडा वेळ कमी करत. पण किती आयांना आठवडाभर रजा मिळते? निदान राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना, आई असो वा बाबा, अशा 'रुळण्याच्या' चार-पाच दिवसांची रजा देणं आपल्या सरकारच्या हातात आहे. तेवढं आधी करा.

दुसरं, तीन वर्षांखालच्या पाच-सहा मुलांमागे एक बाई, आणि रोज तीच बाई, असा नियम करा. माझ्यासारख्या खासगी पाळणाघरांनाही लावा. मी तक्रार करणार नाही. फक्त पैशांचं बोलू. चपलांची युक्ती शोधणाऱ्या ताईंना मी महिना नऊ हजार देते आणि दर पहिल्या तारखेला मला लाज वाटते. जास्त द्यायचं तर फी वाढवावी लागते. मागच्या खेपेला पाचशे रुपये वाढवले तेव्हा एकच मूल कमी झालं. त्याची आई चार घरी पोळ्या करते, आणि ते हल्ली सहा वर्षांच्या बहिणीपाशी असतं.

आपली,
पाळणाघरवाल्या काकू
कर्वेनगर, पुणे