विषय : पैसे भरून घेतलेल्या एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) प्रक्षेपणात लढतीचा निर्णायक क्षण न दाखवल्याबद्दल

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

शनिवारी मी तुमच्या ॲपवर पे-पर-व्ह्यूचे, म्हणजे त्या एका कार्यक्रमापुरते, पैसे भरून कार्यक्रम पाहिला. मुख्य लढतीच्या आधीची फ्लायवेट या हलक्या वजनगटाची लढत तिसऱ्या फेरीत होती. एकानं दुसऱ्याच्या पाठीचा ताबा घेतला, पायांनी कमर जखडली आणि गळा आवळायला हात हनुवटीखाली सरकवू लागला. दुसरा दोन्ही हातांनी त्याचं मनगट ओढून धरत होता. ऐन तेव्हा तुम्ही दृश्य बदललंत. मुख्य लढतीचा स्टार गाडीतून उतरतोय, गॉगल काढतोय, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. केजकडे, लढतीच्या पिंजऱ्याकडे, परतलात तोवर लढत संपली होती. रीप्लेत फक्त शेवटचा टॅप, हार मानल्याची थाप. मनगटावरची पकड कशी सुटली, हे मला अजूनही कळलेलं नाही. नंतर ॲपवर टाकलेल्या रेकॉर्डिंगमध्येही तेच.

तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर आलं, 'तांत्रिक बिघाड आढळला नाही.' बरोबर आहे. बिघाड नव्हताच, कोणीतरी ठरवून कॅमेरा हलवला आणि माझी तक्रार त्याचीच आहे.

स्टारशिवाय हा धंदा चालत नाही, हे मान्य. ऑक्टोबर २०१८ मधली खबीब आणि मॅकग्रेगर या लढवय्यांची लढत सुमारे २४ लाख वेळा पे-पर-व्ह्यूवर विकली गेली, त्यात मॅकग्रेगरच्या तोंडाचा वाटा मोठा होता. मीही त्याच्या पत्रकार परिषदा आवडीनं पाहिल्या आहेत. पण डिमेट्रियस जॉन्सन आठवा. फ्लायवेटचा किताब त्यानं सलग ११ वेळा राखला, तरी पे-पर-व्ह्यूच्या विक्रीत तो कधीच मोठं नाव ठरला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यानं रे बोर्गला उचलून फेकलं आणि तो खाली येईपर्यंत त्याचा हात आर्मबारसाठी, म्हणजे कोपर उलट ताणणाऱ्या डावासाठी, पकडलाही. डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालं सगळं! त्या वेळी कॅमेरा एखाद्या गाडीच्या दाराकडे असता, तर आम्ही काय पाहिलं असतं? परवा हरलेल्या आणि जिंकलेल्या त्या दोन पोरांनीही महिनोन्‌महिने घाम गाळलाच असेल.

त्या लढतीचं अखंड चित्रण ॲपवर टाका आणि माझ्या रकमेचा योग्य तो भाग परत करा. स्टारचं आगमन दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात दाखवता येतं, किंवा कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत. पुढच्या कार्यक्रमात तुम्ही काय करणार आहात, ते लेखी कळवा. त्यानंतरच मी पुढचं तिकीट घ्यायचं की नाही, ते ठरवेन.

आपला,
एक नियमित ग्राहक