तापानंतर धूसर दिसलं तर आधी डोळ्याच्या पडद्याची तपासणी करा

मा. संपादक, स.न.वि.वि.

सध्या परत घरोघरी ताप-सर्दी-खोकला चालू आहे म्हणून हे पत्र लिहितेय, छापलंत तर कुणाचा तरी डोळा वाचेल असं मनापासून वाटतं.

२०२१ च्या मे महिन्यात माझ्या मोठ्या भावाला कोविड झाला. वय ४७, शिवणकाम करतो, नऊ दिवस ऍडमिट होता, ऑक्सिजन लागला, स्टिरॉइड दिले, आणि सुखरूप घरी आला. आम्ही देवापुढे साखर ठेवली आणि आता सुटलो असं समजलो. पंधरा-वीस दिवसांनी सकाळी पेपर वाचताना म्हणाला, अगं मधल्या ओळी वाकड्या दिसतायत, उजव्या डोळ्यापुढे धूर आल्यासारखं वाटतंय. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, पाणी येत नव्हतं, त्यामुळे "एवढं आजारपण काढलंस, नंबर बदलला असेल" असं मीच म्हणाले, मग दुकानात जाऊन नंबर काढला, नवा चष्मा केला, सवय व्हायची म्हणून थांबलो, यात तीन आठवडे गेले.

शेवटी पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि मशीनवर काढलेला फोटो आम्हाला दाखवला. तो फोटो माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. नारिंगी पडद्यावर वरच्या बाजूला कुंकवाचं बोट झटकल्यासारखे लाल शिंतोडे, आणि मधे मधे कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे डाग. शीर ब्लॉक झाली होती, रक्ताला पुढे वाट नाही म्हणून ते पाझरलं आणि जिथून आपण बारीक अक्षर वाचतो नेमकी तिथे सूज आली.

मी विचारलं, फुप्फुसाचा रोग डोळ्यात कसा गेला? ते म्हणाले, हा विषाणू एसीई-२ नावाच्या ज्या दारातून पेशीत शिरतो ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही असतं, शिवाय अंगात जी सूज भडकते तिच्यामुळे अस्तर दुखावतं आणि रक्तात गुठळ्या लवकर होतात, कोविडमध्ये डी-डायमर तपासायचे ते याचसाठी. आता पडद्याच्या शिरा केसासारख्या बारीक, त्यात धमनी आणि शीर जिथे एकमेकींवरून जातात तिथे दोघींचं वेष्टन एकच, धमनी शिरेला दाबते आणि गुठळी बहुतेक वेळा तिथेच अडकते. भावाची शुगरही तेव्हाच वाढलेली निघाली, त्यामुळे सगळं एकट्या कोविडवर ढकलता येणार नाही हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मला कुणाला घाबरवायचं नाहीये. कॅलिफोर्नियात कोविड झालेल्या ४ लाख ३२ हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यात पुढच्या सहा महिन्यांत पडद्याची शीर नव्याने ब्लॉक झालेले ६५ निघाले. आधीच्या सहा महिन्यांपेक्षा प्रमाण वाढलेलं होतं, पण एकूणात हे क्वचितच होतं. मात्र ज्याला होतं त्याच्यासाठी वेळ फार महत्त्वाचा. त्या वर्षी आपल्याकडे सगळीकडे काळ्या बुरशीची चर्चा होती आणि ते बरोबरच होतं, माणसांचे डोळे काढावे लागत होते. पण त्यात चेहरा सुजतो, दुखतं, माणूस धावत डॉक्टरकडे जातो. हे दुखतच नाही, आणि दुसरा डोळा सांभाळून घेतो म्हणून कळत पण नाही.

भावाला दर महिन्याला एक अशी पाच इंजेक्शनं डोळ्यात घ्यावी लागली. सूज उतरली, बरंचसं दिसतं, पण सुईत दोरा ओवताना तो अजून मान उजवीकडे वळवून डावा डोळा पुढे आणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की डिस्चार्ज कार्डावर वाफ घ्या, गरम पाणी प्या असं लिहितात तिथे डोळ्याचीही एक ओळ असावी, आणि चष्म्याच्या दुकानवाल्यांनी "नुकता मोठा ताप येऊन गेला का" एवढं विचारावं. घरच्या घरी एकेक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघायचं, एका डोळ्याने धूसर किंवा वाकडं दिसलं तर थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा, बीपी-शुगर बघायची. आणि एका डोळ्यापुढे एकदम अंधार झाला तर धमनीच बंद झालेली असू शकते, तो डोळ्याचा अटॅकच, तिथे हातात काही तासच असतात, सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलला जायचं.

आपली,
एक वाचक, कराड